नवी बांधून घेतलेली सीट: उन्हाळा, पावसाळा, थंडी वापरल्यानंतर

माझी गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची मोटरसायकल. गेल्या मार्चमध्ये तिची सीट पुण्याच्या नाना पेठेतल्या एका कुशनवाल्याकडून नव्याने बांधून घेतली. तेव्हापासून तिन्ही ऋतूंत भरपूर वापरली आहे: रोजचं ऑफिस, अधूनमधून पुणे-कोल्हापूर, कधी ताम्हिणीतून खाली कोकणात. सीट करून घ्यायची ज्यांच्या मनात आहे त्यांना पहिलं सांगणं हेच की मऊ सीट मागू नका, भक्कम मागा.

कंपनीची सीट शोरूममध्ये सोफ्यासारखी वाटली होती. खंबाटकी ओलांडून साताऱ्यापर्यंत काही जाणवायचं नाही. कराड जवळ आलं की मात्र दर दोन मिनिटांनी बूड इकडून तिकडे सरकवणं सुरू व्हायचं, आणि पेठ नाक्याला चहासाठी उतरलं की माकडहाडापासून मांडीपर्यंत सगळं बधिर. कोल्हापूर जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एवढ्यासाठी तीन-तीनदा थांबावं लागत होतं.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचे पैसे योग्य जागी लागतात. बसल्यावर अंगाचा बराचसा भार कुल्ल्याखालच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम नेमका त्या दोन जागी दबत जातो आणि तासाभरात हाडं जवळजवळ खालच्या प्लास्टिकच्या बेसला टेकतात. बाकीची सीट फुगलेली दिसते, पण तिचा उपयोग शून्य. भक्कम फोम हाडांना वर धरून ठेवतो, त्यामुळे भार मांड्यांवरही वाटला जातो. लांबच्या प्रवासाच्या सीटसाठी नाव असलेल्या अमेरिकेतल्या कॉर्बिनच्या सीटसुद्धा हाताला कडकच लागतात.

दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे शब्द कानावर पडतील. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. फोम किती कडक आहे ते त्यावरून कळत नाही, तो किती टिकेल याचा अंदाज मात्र येतो. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो. म्हणून आकडा विचाराच, पण तुकडा हातात घेऊन मूठ रोवून दाबूनही बघा.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. ज्यांनी काम केलं त्या मामांनी मला आधी गाडीवर बसवलं. गाडी मेन स्टँडवर, हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर. मी ताठ बसलो तर म्हणाले, “असं नको साहेब, दोन तासांनी जसे बसता तसे बसा.” मग मी सैलावलो, थोडा पुढे घसरलो, आणि त्यांनी खडूने सीटवर दोन रेघा मारल्या: एक बूड जिथे टेकतं तिथे, दुसरी मांडी जिथे सीटची कड सोडते तिथे. नंतर पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरने पिना उपटून कव्हर काढलं. मूळ फोमचा उतार टाकीकडे होता. ब्रेक मारला की मी पुढे जायचो आणि भार हाडांवरून नको त्या नाजूक जागेवर यायचा, तो या उतारामुळे. मामांनी ब्लेडने तो भाग कापला, खाली रिबॉन्ड फोमचा (तुकडे दाबून केलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा) थर चिकटवून बसायची जागा जवळपास सपाट केली आणि वरून ४० डेन्सिटीचा थर दिला. माकडहाडाच्या जागी बोटभर खोल खाच ठेवली. ग्राइंडरने घासून आकार आणताना सगळ्या दुकानभर पिवळा भुगा उडत होता.

माझी उंची पाच फूट पाच इंच. सीट कागदोपत्री ८०५ मिलीमीटरची, आणि नव्या फोमने ती आणखी वर गेली. पाय टेकतील का, ही धाकधूक होतीच. मामांनी उंची तशीच ठेवली आणि टाकीजवळचा, मांड्यांमधला भाग दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केला. पाय सरळ खाली जायला लागले आणि आता पूर्वीपेक्षा चांगले टेकतात. कमी उंचीच्या माणसांनी हे जरूर लक्षात ठेवावं. फोम पातळ करून उंची कमी करायचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यात आरामच जातो.

पहिले पंधरा-वीस दिवस सीट फळीसारखी लागते, पण घाबरून परत नेऊ नका. फोम बसला की ती अंगाला येते. आता पुण्याहून निघालो की कराडला एकदा थांबतो, तेही भूक लागते म्हणून. रुंदीकरणाच्या डायव्हर्शनवर खड्डे लागतात तिथे दणका जाणवतो, ते काम सस्पेन्शनचं आहे, सीटकडून त्याची अपेक्षा करू नये. इंजिनाची थरथर मात्र निश्चित कमी पोचते.

जेल पॅड घालायचा आग्रह दुसऱ्या एका दुकानात झाला होता. मित्राच्या गाडीवर मी तो वापरून पाहिला आहे. गाडी उन्हात उभी राहिली की जेल उष्णता धरून बसतं आणि वरचं रेक्झिन निवलं तरी खालून शेकत राहतं. सोलापूरसारख्या ठिकाणी एप्रिलमध्ये ते सोसवत नाही. उन्हाळ्यासाठी मी वरून जाळीचं कव्हर घालतो. हवा खेळते आणि घामाने पँट चिकटत नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा शिवणीची. रेक्झिनमधून पाणी जात नाही, टाक्याच्या भोकांतून जातं, आणि फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही. म्हणून बसायच्या जागेवर डिझाइनची शिवण, डायमंडचे टाके वगैरे घेऊच नका, कितीही छान दिसले तरी. माझ्या सीटची शिवण बाजूच्या कडेला उतरवली आहे आणि रेक्झिनखाली पातळ प्लास्टिकचा कागद आहे. ताम्हिणीतल्या पावसातही पुढचा भाग कोरडा राहिला.

मागचा भाग नाही राहिला. बायको जिथे बसते त्याच्या शेवटच्या टोकाला वळण तीव्र आहे, तिथे रेक्झिन ताणलं गेलं आणि ऑगस्टमध्ये टाके उसवायला लागले. खालच्या काही पिनाही गंजल्या. मामांनी पैसे न घेता तेवढा भाग पुन्हा शिवून दिला आणि या वेळी स्टेनलेसच्या पिना मारल्या. स्टेनलेसचं आधीच सांगून ठेवावं. बायकोचं स्वतःचं मत असं की पाठ आता दुखत नाही, पण मागची सीट अजून बोटभर रुंद हवी. ते बरोबर आहे. मागे बसणाऱ्या माणसालाही दुकानात बरोबर नेऊन बसवून बघायला हवं.

खर्च सगळा मिळून तीन हजारांच्या आत आला. त्यात कंपनीच्या सीटला हात लावलेला नाही. जुन्या बाजारातून याच मॉडेलची फाटकी सीट घेतली आणि काम तिच्यावर करवलं. मूळ सीट घरी माळ्यावर आहे, गाडी विकताना लागेल. काम दिवसभराचं असतं आणि दोन-तीनदा बसून बघावं लागतं, तेव्हा ‘सीट ठेवून जा, संध्याकाळी या’ म्हणणारं दुकान टाळा. रविवारी गर्दी फार, मधल्या वारी सकाळी गेलात तर कारागीर निवांत वेळ देतो.