वादळात टिनं उडाल्यावर नवीन छत: तालुक्याच्या पत्रा दुकानाचा अन् मिस्त्रीचा अनुभव

यंदा मे महिन्यातल्या वावधानात आमच्या गावातल्या बऱ्याच घरांवरची टिनं गेली, आमची पण गेली, आणि तेव्हापासून पत्रे कुठून घेतले, कोणाकडून बसवले हे विचारायला सोयऱ्यांचे फोन सुरूच आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. दुकान म्हणजे तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या रस्त्याला लागून लोखंड अन् पत्र्याचं जे जुनं दुकान आहे ते, आणि मिस्त्री त्यांच्याच ओळखीचा, फॅब्रिकेशनचं काम करणारा. माझं मत असं की दुकान चांगलं, मिस्त्री त्याहून चांगला, फक्त माल पोचवण्याच्या बाबतीत दुकानाचे मार्क कापतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की दुकानदार काकांनी पहिल्या भेटीत पत्रा विकलाच नाही. घरात तुरीची पोती अन् थोडा कापूस ताडपत्रीखाली, मृग तोंडावर आलेला, गिऱ्हाईक घायकुतीला आलेलं, मागेल तो भाव मिळाला असता, पण ते म्हणाले आधी मिस्त्रीले घर पाहू द्या, मंग किती फूट लागते ते ठरवू. मिस्त्री आला अन् आल्या आल्या भिंतीवर चढला. जुन्या फाट्यात अडकून राहिलेला एक हुक त्यानं पक्कडीनं काढून माझ्या हातात दिला. डांबराचं वॉशर वाळून त्याचा भुगा झालेला, लोखंडी वॉशर अर्धं गंजून गळालेलं, आणि आंगणात पडलेल्या टिनाला जे भोक गोल असायला पाहिजे ते चांगलं दोन इंच लांब फाटलेलं. म्हणे, "भाऊ, टिन एका झटक्यात उडत नाई. वर्षानुवर्षं वाऱ्यानं हालते, भोक मोठं होते, अन् मंग एक दिवस निघते."

मग त्यानं जे समजावलं ते खरंच ऐकण्यासारखं होतं. वारा छतावरून जोरात जाते तेव्हा छत वरच्या बाजूला ओढल्या जाते, आणि ओसरी पुढून उघडी असली की तोच वारा आत घुसून खालून पण ढकलते, दोन्ही जोर एकदम लागतात, म्हणून कडेची अन् कोपऱ्याची टिनं आधी जातात. आमची ओसरीकडूनच गेली. हवामान खात्याच्या हिशोबानं चक्रीवादळ म्हणायला सतत ताशी 62 किलोमीटर किंवा जास्त वारा लागते, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात धडकलं तेव्हा तर त्याच्या बराच वर होता. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा येते तो बहुतेक 40-50 नाहीतर 50-60 चा, अन् तो झोत पण काही मिनिटांचा. एवढ्या वाऱ्यात नीट बसवलेलं छत टिकायला पाहिजे. गावात त्याच रात्री ज्यांची टिनं जागेवर राहिली त्यांच्याकडं काही भारी कंपनीचा पत्रा नव्हता, बसवणी पक्की होती.

आमच्या भिंती विटा-मातीच्या, त्यावर बल्ल्या नुसत्या टेकवलेल्या, म्हणजे पत्रा कितीही पक्का आवळला तरी अख्खा सांगाडाच उचलल्या गेला असता. मिस्त्रीनं भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूनं सळाख टाकून काँक्रीटचा पट्टा घ्यायला लावला, पट्टा ओला असतानाच त्यात बोल्ट उभे गाडले, नंतर त्या बोल्टावर प्लेट अन् चौकोनी पाईपचा ढांचा. पट्ट्याला व्यवस्थित पाणी मारून तो पिकल्याशिवाय ढांचा चढवणार नाही यावर तो अडून बसला. रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं अन् माय म्हणायची, "पाणी येऊन रायलं ना बाप्पा, टाका म्हणा त्याले लवकर." पण त्यानं ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं.

आता पत्र्याचं. रंग पाहून पत्रा घेऊ नका, जाडी पाहा. दुसऱ्या एका दुकानात, नाव घेत नाही, मला 0.50 एमएम सांगून जो रंगीत पत्रा दाखवला तो अंगठ्यानं दाबला तर वाकत होता. इथं काकांनी गल्ल्यातून मायक्रोमीटर काढला, पत्र्याच्या कडेला लावला अन् आकडा मला वाचायला लावला, आणि वरून हे पण सांगितलं की ही जाडी रंग-कोटिंग धरून आहे, आतलं लोखंड त्याहून थोडं कमीच असते, कोणत्याही कंपनीचं घ्या. 0.35 वाला पण त्यांच्याकडं होता, तो गोठ्याला चालते, राहत्या घराला देत नाही म्हणाले. आम्ही घेतला तो अॅल्युमिनियम-झिंकच्या कोटिंगचा, त्या कोटिंगमध्ये 55 टक्के अॅल्युमिनियम अन् बाकी बहुतेक जस्त, आणि दर चौरस मीटरला 150 ग्रॅम कोटिंगवाला मागून घेतला. सिमेंटचे पत्रे स्वस्त पडत होते, पण गार मोठी असली तर ते तडकतात, 2014 ची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली तो विसरणार नाही, आणि त्यात अॅस्बेस्टॉस असते, कापताना उडणारी धूळ छातीला वाईट. हे त्या विकणाऱ्या माणसानंच सांगितलं, म्हणून जास्त पटलं.

लांबी उताराच्या मापानं अख्खी मागवली, मधात जोड नाही, जोड नाही तर गळायला जागा नाही. हुकाऐवजी रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडून बसणारे स्क्रू, कडेच्या अन् कोपऱ्याच्या ओळीत ते जवळजवळ, मधात थोडे लांब. स्क्रू मारताना मिस्त्री प्रत्येक वॉशरकडं वाकून पाहत होता, रबर थोडं दबलं पाहिजे, बाहेर फुगलं म्हणजे जास्त आवळलं, ते लवकर फाटते अन् तिथूनच पाणी येते. शिडी काढायच्या आधी पोरानं फडा घेऊन छतावरचा सगळा लोखंडी चुरा झाडला, कारण तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात गंजून रंगावर डाग पाडते. एवढी काळजी मी आमच्याकडं दुसऱ्या कोणत्या कामावर पाहिली नाही. ओसरीपुढं हातभर बाहेर काढलेलं टिन पण त्यानं फूटभरावर आणलं.

छतावर दगड ठेवायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे, त्याबद्दल त्यानं जे सांगितलं ते मी पण हात जोडून सांगतो, ठेवू नका. 50 च्या वाऱ्यात दगड टिनाला थांबवत नाही, टिनासोबत खाली येते, आणि खाली लेकरं झोपलेली असतात. दुसरं, वादळानंतर पडलेल्या टिनाला हात लावायच्या आधी खांबावरून घरात येणारी वायर त्यावर पडली तर नाही ना हे पाहा. संशय असला तर दूर राहा अन् महावितरणच्या 1912 वर कळवा.

पैशाचं बोलायचं तर पंचनामा होऊ द्या, तलाठी-ग्रामसेवक येईपर्यंत टिनं जिथं पडली तिथले फोटो काढून ठेवा. 2022-23 ते 2025-26 साठीच्या सरकारी आपत्ती मदतीच्या निकषात घराची निदान 15 टक्के पडझड असली तर पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 अशी रक्कम आहे. पूर्ण पडलेल्या घराचं वेगळं, ते सपाट भागात 1 लाख 20 हजार. आमच्यासारख्या फक्त छत गेलेल्या घराला त्यात पट्ट्याचं सिमेंट-सळाख पण पुरं होत नाही, तेव्हा मदतीच्या भरवशावर काम अडवू नका, पण कागद पक्के ठेवा. दुकानानं 18 टक्के जीएसटीचं पक्कं बिल न मागता दिलं, त्यावर जाडी अन् कंपनी दोन्ही लिहिलेलं. आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी भाव चढवला नाही, हे मी गावातल्या चार-पाच घरांच्या बिलांवरून पाहिलं, सगळ्यांना एकच दर.

आता जे पटलं नाही ते. गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही, मिस्त्री अन् त्याची पोरं सकाळपासून बसून, त्यांची मजुरी माझ्याकडूनच गेली. गाडी नव्हती तर आदल्या दिवशी फोन करायला काय हरकत होती. मधल्या कोन्याचा पत्रा, रिज म्हणतात तो, थोड्या वेगळ्या पांढऱ्याचा आला, गळत नाही पण उन्हात फरक दिसते. पन्हाळ त्यांच्याकडं ठेवतच नाहीत, ते बाहेरून करून घ्या. आणि आवाज, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही, पत्रा जाड असला तरी आवाज जात नाही हे धरूनच चाला. पांढरा रंग मात्र नक्की घ्या, जुन्या करड्या टिनाखाली दुपारी बसवत नव्हतं, आता बसता येते, 45 अंशाच्या उन्हात कूलर लागतेच पण भिंतीपर्यंत तापलेली वाफ कमी झाली.

जुनी टिनं सगळी भंगारात देऊ नका, मधली चांगली निघतात, आमच्या गोठ्याचं अन् कुटाराच्या खोलीचं त्यातच भागलं. तिथं पण नवीन स्क्रू वापरले अन् जुन्या भोकांवर रबराची पट्टी लावली.

मिस्त्री मृगाच्या आसपास अजिबात सापडत नाही, काम करायचं असलं तर दिवाळीनंतर हिवाळ्यातच बोलून ठेवा, तेव्हा त्याला वेळ पण असते अन् पट्टा पिकू द्यायला तुम्हाला पण. जाताना भिंतीची लांबी, रुंदी अन् उताराची लांबी तिन्ही मापं कागदावर घेऊन जा, जमिनीवरून मोजलेलं माप दुकानात चालत नाही.