डिस्ट्रोचा कर्नल, बोर्ड-उत्पादकाचा कर्नल की स्वतः बांधलेला? प्रोसेसरनुसार तुलनात्मक आढावा

एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या कंपनीत इंटेल-एएमडीचे संगणक, दोन-चार रास्पबेरी पाय, हौसेने घेतलेला एखादा रिस्क-फाइव्ह (खुल्या रचनेचा प्रोसेसर असलेला) बोर्ड आणि अजून चालते म्हणून ठेवलेले ३२-बिटचे जुने यंत्र असा सगळा सरंजाम असेल, तर लिनक्स कर्नलचे, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याचे, पॅकेज कुठून घ्यायचे हे कधी ना कधी ठरवावेच लागते. मार्ग तीन आहेत. डिस्ट्रोने, म्हणजे डेबियन-उबंटूसारख्या तयार लिनक्स प्रणालीने, दिलेले पॅकेज जसेच्या तसे वापरणे हा पहिला, बोर्ड किंवा चिप बनवणाऱ्याने दिलेला कर्नल वापरणे हा दुसरा आणि मूळ सोर्समधून स्वतः पॅकेज बांधणे हा तिसरा. या आढाव्यात डेबियन गृहीत धरला आहे, कारण एकाच सोर्स पॅकेजमधून अनेक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारांसाठी) कर्नल कसा बांधला जातो हे तिथे उघडपणे पाहता येते. उबंटू वापरणाऱ्यांनाही पॅकेजची नावे बदलून यातले बहुतेक मुद्दे लागू पडतील.

निवड करताना बरेच जण आधी आवृत्तीचा आकडा पाहतात. माझ्या मते तो निकष सर्वांत शेवटी यावा. कर्नल एकदा बांधणे फारसे अवघड नाही. तो सांभाळणे मात्र चिकाटीचे काम आहे, कारण प्रत्येक सुरक्षा-सुधारणेनंतर नवा कर्नल प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर बसवून ते यंत्र पुन्हा सुरू होते की नाही, नेटवर्क आणि डिस्क दिसतात की नाही, हे पाहावे लागते. त्यात आर्किटेक्चर एकाने वाढले की बूट होण्याची पद्धत, चाचणीचे यंत्र आणि बिघाडाची लक्षणे असे सगळेच नव्याने शिकावे लागते. म्हणून आपल्याकडे आर्किटेक्चर किती आहेत आणि त्यांतले प्रत्येक कोण सांभाळणार, हे आधी कागदावर मांडावे.

एएमडी६४ : इथे वाद फारसा नाही

इंटेल आणि एएमडीच्या ६४-बिट संगणकांसाठी डिस्ट्रोचाच कर्नल घ्यावा, असे मी निःशंकपणे म्हणेन. यूईएफआय आणि एसीपीआय या व्यवस्थांमुळे यंत्रात कोणते हार्डवेअर आहे हे कर्नलला सुरू होतानाच समजते, त्यामुळे एकच पॅकेज दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपपासून आजच्या सर्व्हरपर्यंत चालते. डेबियनमध्ये ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे नाव धारण करणाऱ्या पॅकेजमध्ये स्वतः कर्नल नसतो. ते केवळ त्या घडीच्या ताज्या कर्नल पॅकेजकडे बोट दाखवते, आणि ताज्या पॅकेजच्या नावातच आवृत्ती असल्यामुळे जुना कर्नल पुसला न जाता शेजारी राहतो व बूटच्या यादीतून परत निवडता येतो. याचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड’ ही जुनी आज्ञा नव्या नावाचे पॅकेज आपणहून बसवत नाही आणि कर्नल ‘रोखून ठेवला’ असे सांगून पुढे जाते, तर ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ तो बसवते. जुनी आज्ञा स्क्रिप्टमध्ये तशीच राहिली असेल, तर यंत्र नियमित अद्ययावत होत असल्याचे भासते आणि कर्नल मात्र महिनोन्‌महिने जुनाच राहतो.

दुसरा मोठा फरक सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही असलेला कर्नलच सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. डेबियनचा कर्नल डेबियनच्या किल्लीने सही केलेला असतो आणि मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या ‘शिम’ या छोट्या प्रोग्रॅममार्फत त्याची ओळख पटते. कर्नल स्वतः बांधला की सहीही स्वतःच करावी लागते, आणि आपली किल्ली प्रत्येक यंत्रात नोंदवताना रिबूटनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यासमोर कळफलक घेऊन बसावे लागते. हे काम दुरून होत नाही. प्रयोगशाळेत चाळीस संगणक असतील तर चाळीस खुर्च्यांवर बसण्याची तयारी हवी, नाहीतर सिक्युअर बूट बंद करण्याची.

डिस्ट्रोचा कर्नल निर्दोष असतो असे मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२ च्या ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइल सिस्टिमवरील डेटा खराब करू शकणारा दोष आढळला. त्यामुळे १२.३ ही आवृत्ती थांबवण्यात आली आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आली. यावरून कोणी म्हणेल की स्वतः बांधलेला कर्नलच बरा. परंतु तो दोष मूळ कर्नलच्या स्थिर शाखेतूनच आलेला होता. तीच आवृत्ती स्वतः बांधणाऱ्यालाही तो मिळाला असता, आणि वेळेत सावध करणारे मात्र कोणी नसते.

या आर्किटेक्चरवर स्वतः कर्नल बांधण्याचे एक वाजवी कारण उरते, ते म्हणजे अगदी नव्या हार्डवेअरचा ड्रायव्हर. त्यासाठीही आधी डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये (स्थिर आवृत्तीसाठी नवी पॅकेज पुरवणाऱ्या भांडारात) पाहावे. तरीही बांधायचेच असेल तर ‘लोकलमॉडकॉन्फिग’ हा पर्याय विचारपूर्वक वापरावा. त्या क्षणी यंत्रात चालू असलेली मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) तेवढी ठेवून तो बाकीची गाळतो, त्यामुळे कर्नल भराभर बांधला जातो. मात्र पंधरा दिवसांनी कोणी यूएसबी-सिरियल केबल जोडली की तिचा ड्रायव्हरच नसल्याचे उघड होते.

आर्म : खरी निवड इथे करावी लागते

आर्म प्रोसेसरच्या (रास्पबेरी पायसारख्या) बोर्डांवर एसीपीआयसारखी व्यवस्था सहसा नसते. कोणती चिप कुठे जोडली आहे हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फाइलमधून कर्नलला सांगावे लागते. म्हणून ‘आर्म६४ चा कर्नल आहे’ एवढ्याने भागत नाही. आपल्या नेमक्या बोर्डाची डिव्हाइस ट्री त्या कर्नलबरोबर येते का, आणि तिच्यात वर्णिलेल्या चिपचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहेत का, हे पाहावे लागते. डेबियनचे ६४-बिट आर्म पॅकेज बरेच बोर्ड सांभाळते. ३२-बिटसाठी ‘आर्मएमपी’ नावाचा बहुबोर्डी कर्नल आहे, आणि ‘फ्लॅश-कर्नल’ हे साधन नवा कर्नल व त्याची डिव्हाइस ट्री बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडेल अशा जागी नेऊन ठेवते. बोर्ड या साधनाच्या यादीत असेल तर डिस्ट्रोचा मार्ग एएमडी६४ इतकाच सुखाचा ठरतो. नसेल तर प्रत्येक सुधारणेनंतर ही हलवाहलव हाताने करावी लागते, आणि ती एकदा राहून गेली की नवा कर्नल पॅकेजच्या यादीत दिसतो पण यंत्र जुन्यावरच चालते.

बोर्ड-उत्पादकाचा कर्नल पहिल्या दिवशी हमखास जिंकतो. व्हिडिओ, कॅमेरा, वायफाय सगळे चालते. मात्र असे कर्नल बहुधा एखाद्या जुन्या दीर्घकालीन (वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेवर हजारो पॅच चढवून तयार केलेले असतात आणि चिपची विक्री ओसरली की त्यांच्याकडे बघणारे कोणी राहत नाही. बोर्ड घेण्यापूर्वी त्या कर्नलच्या भांडारात शेवटची सुरक्षा-सुधारणा कधी झाली हे पाहावे. विक्रेत्याच्या पानावरील आकर्षक तक्त्यापेक्षा ती एक तारीख अधिक खरे सांगते.

रास्पबेरी पाय हा यातला सन्मान्य अपवाद आहे. कंपनी स्वतःचा कर्नल वर्षानुवर्षे सांभाळत आली आहे आणि मुख्य कर्नलच्या दीर्घकालीन शाखांबरोबर पुढे सरकत राहिली आहे. तरीही इथे एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. पाय ५ वर मूळ स्थितीत ‘कर्नल_२७१२’ ही प्रतिमा चालते आणि ती मेमरीची १६ केबीची पाने वापरते, तर पाय ४ व त्याआधीच्या ६४-बिट मॉडेलवर चालणारा ‘कर्नल८’ नेहमीची ४ केबीची पाने वापरतो. टर्मिनलवर ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ विचारले की एका यंत्रावर १६३८४ आणि दुसऱ्यावर ४०९६ असे उत्तर येते. दोन्ही यंत्रे आर्म६४ च आहेत, पॅकेजचे भांडारही एकच आहे, तरी ४ केबी गृहीत धरून बांधलेले काही प्रोग्रॅम पाय ५ वर सुरूच होत नाहीत. उपाय सोपा आहे. ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये कर्नल८ चे नाव लिहून रिबूट केले की झाले. मात्र आपले स्वतःचे एखादे मॉड्यूल असेल, तर ते दोन्ही कर्नलसाठी बांधावे लागते. कागदावर एक दिसणारे आर्किटेक्चर इथे सांभाळताना दोन होते.

पायवर डेबियनचा मूळ कर्नल वापरावा का? पाय ४ वर सर्व्हरसारखे साधे काम असेल तर जरूर वापरावा. पाय ५ मध्ये यूएसबी, इथरनेट आणि जीपीआयओ (बाहेरची उपकरणे जोडायच्या पिना) हे सगळे आरपी१ या वेगळ्या चिपमागे गेले असून मुख्य कर्नलमध्ये तिचा आधार यायला बराच वेळ लागला, म्हणून तिथे सध्या कंपनीचाच कर्नल ठेवणे शहाणपणाचे आहे. ‘आरपीआय-अपडेट’ ही आज्ञा मात्र चाचणीच्या अवस्थेतील कर्नल आणते. रोजच्या वापराच्या यंत्रावर ती चालवू नये.

आर्मसाठी स्वतः कर्नल बांधायचा झाल्यास तो बोर्डावर बांधत बसू नये. एएमडी६४ च्या यंत्रावर क्रॉस-कंपायलर घेऊन ‘मेक बाइनडेब-पीकेजी’ चालवले की थेट डेब पॅकेज हाती येते. अडचण त्यानंतर सुरू होते. क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो कर्नल सुरू झाला म्हणून बोर्डावर होईलच असे नाही, कारण क्यूईएमयूचे काल्पनिक यंत्र तुमच्या बोर्डावरील इथरनेट किंवा वीज-नियंत्रक चिपची नक्कल करत नाही. प्रत्येक मॉडेलचा एक खरा बोर्ड आणि त्याला जोडलेली सिरियल केबल बाजूला ठेवता येत नसेल, तर आर्मवर हा मार्ग धरू नये.

रिस्क-फाइव्ह

लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचा आधार ४.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१८ पासून आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्याला पहिल्यांदा अधिकृत आर्किटेक्चरचा दर्जा दिला. हा दर्जा मिळाला म्हणजे पॅकेज सुरक्षा-सुधारणांसह मिळत राहणार, ही मोठी गोष्ट आहे. परंतु बाजारातील अनेक बोर्डांचे सगळे भाग अजून उत्पादकाच्याच कर्नलवर नीट चालतात. शिवाय डिस्ट्रो किमान किती सूचनासंच मागते याकडेही लक्ष ठेवावे लागते. उबंटूने २५.१० पासून आरव्हीए२३ ही वरची पायरी आवश्यक केली आणि तोपर्यंत विकले गेलेले बहुतेक बोर्ड त्या रेषेखाली राहिले. डेबियनची अट तुलनेने सौम्य आहे, त्यामुळे जुना बोर्ड हाती असेल तर डेबियनच घ्यावा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या वेगा किंवा आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरवर काम करायचे असेल, तर स्वतः कर्नल बांधण्याला बहुधा पर्याय नसतो, आणि तिथे तो अभ्यासाचाच भाग समजावा. ज्याच्यावर कार्यालयाचे रोजचे काम अवलंबून आहे असा सर्व्हर मात्र मी आज रिस्क-फाइव्हवर नेणार नाही.

जुनी ३२-बिट यंत्रे

डेबियन १२ मध्ये आय३८६ साठी, म्हणजे ३२-बिट इंटेल-एएमडी यंत्रांसाठी, कर्नल होता. डेबियन १३ मध्ये त्याचे कर्नल पॅकेजही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. आय३८६ चे प्रोग्रॅम ६४-बिट कर्नलवर चालवण्यापुरतेच ते आर्किटेक्चर उरले आहे. अशा यंत्रांसाठी स्वतः कर्नल बांधून तग धरण्याचा मोह होतो, पण मागे पडलेल्या आर्किटेक्चरकडे सुधारणाही उशिरा पोहोचतात. मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-दोषावरचा पानतक्ते वेगळे करण्याचा उपाय ६४-बिट एक्स८६ (इंटेल-एएमडी) यंत्रांना जानेवारी २०१८ मध्येच मिळाला, तर ३२-बिटला त्यासाठी ऑक्टोबरमधील ४.१९ पर्यंत थांबावे लागले. सांभाळणारेच उरले नाहीत तर आर्किटेक्चर थेट बाहेर जाते. जानेवारी २०२४ मधील कर्नल ६.७ मधून इंटेलचे इटानियम हे आर्किटेक्चर असेच काढले गेले.

तरी यंत्र भंगारात काढण्याआधी ‘एलएससीपीयू’ चालवून पाहावे. ऑप-मोडच्या ओळीत ३२-बिट व ६४-बिट असे दोन्ही लिहिलेले असेल, तर प्रोसेसर ६४-बिटच आहे आणि कोणीतरी पूर्वी त्यावर ३२-बिटची प्रणाली टाकून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रयोगशाळांमध्ये असे अनेकदा आढळते. अशा यंत्रावर एएमडी६४ ची प्रणाली नव्याने बसवली की प्रश्न मिटतो.

तरीही स्वतःच बांधायचे ठरले तर

दीर्घकालीन शाखाच घ्यावी. आज डेबियन १३ बरोबर असलेली ६.१२ ही त्या दृष्टीने सोयीची आहे, कारण डेबियनची कॉन्फिग फाइल आधाराला घेऊन फरक तेवढाच करता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई (सुरक्षा-दोषांचे) क्रमांक देऊ लागला आणि त्यांची संख्या इतकी वाढली की ‘आपल्याला लागू असलेले तेवढे पॅच’ निवडणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यात राहिलेले नाही. स्थिर शाखेची प्रत्येक नवी आवृत्ती पूर्ण घ्यावी. पॅकेजच्या आवृत्तीला स्वतःची शेपटी जोडावी, म्हणजे डेबियनच्या पॅकेजशी त्याची गल्लत होत नाही. एएमडी६४ वर डिस्ट्रोचा कर्नल काढून टाकू नये, तो ग्रब या बूटलोडरच्या यादीत राहू द्यावा. रास्पबेरी पायवर मूळ स्थितीत तशी यादी नसते, म्हणून तिथे चालू स्थितीतील दुसरे एसडी कार्ड नव्या कर्नलच्या आधीच तयार करून त्यावर तारीख लिहून ठेवावी.