चोरल की जाम? इंदूरहून घाटात सायकल नेणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आलेल्या माझ्या भाचीने पहिल्याच महिन्यात विचारलं, "मावशी, इथला सिंहगड कुठला गं?" ती रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची वेगवान सायकल चालवते. रविवारी पहाटे सिंहगडाचा घाट चढायचा आणि नाश्त्याला घरी यायचं, ही तिची सवय. मी म्हटलं, रस्ता मग निवडू. आधी इथे काय उलटं आहे ते समजून घे.

इंदूर आणि पुणे, दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहेत. पण पुण्याभोवती डोंगर वर उठतात. सकाळच्या गारव्यात चढून घेतलं की घरापर्यंत उतार. इंदूर मात्र माळव्याच्या पठारावर आहे. दक्षिणेला तास-दीड तास पायडल मारलं की पठार संपतं आणि विंध्याची कड खाली निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. महेश्वरला नर्मदेचा काठ जेमतेम १५० मीटरवर आहे. त्यामुळे इंदूरचा सायकलवाला ताज्या पायांनी घाट उतरतो आणि ऊन चढल्यावर, पाय भरून आल्यावर, तोच घाट चढून घर गाठतो. म्हणून मी अंतर नंतर बघते. घाट परतीला किती वाजता लागेल आणि तो टाळता येतो का, हे आधी बघते.

इंदूरहून दक्षिणेला दोन घाट नेहमीचे: खंडवा रोडवरून धरणाकडे उतरणारा चोरलचा, आणि महूच्या पुढे जुन्या दरवाज्यापाशी सुरू होणारा जामचा. या एका कसोटीवर ते वेगळे पडतात.

चोरल जवळचं. राजवाड्यापासून साधारण ४० किलोमीटर. भंवरकुआं, तेजाजी नगर आणि मग सरळ खंडवा रोड. सिमरोलपर्यंत, म्हणजे आयआयटीच्या आवारापर्यंत, आपण पठारावरच असतो. तिथून पुढे घाट सुरू होतो, सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि वळणावळणाने आपण चोरल नदीच्या खोऱ्यात उतरतो. धरण बघायचं तर महामार्ग सोडून आत जावं लागतं. पावसाळा संपता संपता हे खोरं बघण्यासारखं असतं: डोंगरांच्या कुशीत भरलेलं पाणी आणि सागाची पानं सुपाएवढी. इथून जवळच्याच दरीतून पाताळपाणी-कालाकुंडची मीटर गेज रेल्वे वर चढते. या लाइनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. त्या काळी रूळ या कड्यावरून वर आणणं किती जिकिरीचं गेलं असेल, हे सायकलवर घाट चढताना जितकं कळतं तितकं गाडीच्या खिडकीतून कळत नाही.

पण चोरलचं पाणी बघायचं तर खाली उतरावंच लागतं, आणि उतरलं की चढणं आलं. मधे थांबून 'आज इथवरच' म्हणायची सोय नाही.

माझी पहिली चोरल फेरी एप्रिलमधली. उतरताना वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, इतका आनंद झाला होता. धरणावर तासभर बसले. परत निघेपर्यंत साडेदहा वाजले होते आणि घाटात डोकं टेकायला सावली नव्हती. साग उन्हाळ्यात पानं झाडतो, हे लहानपणापासून माहीत असूनही त्या दिवशी लक्षात आलं नव्हतं. दोन्ही बाटल्या अर्ध्या घाटातच संपल्या. मागून ट्रक येतोय, पुढे वळण आहे, पायांत गोळे आलेले. शेवटी उतरून सायकल ढकलत वर आले. त्यानंतर मार्च ते जून मी चोरलला जात नाही, कुणाला जायला सांगतही नाही.

ट्रकांचंही सांगायला हवं. खंडवा रोड हा बुऱ्हाणपूरमार्गे महाराष्ट्राकडे जाणारा मालवाहतुकीचा रस्ता आहे. शिवाय ओंकारेश्वरला जाणारे यात्रेकरू याच वाटेने जातात, आणि श्रावणात तर रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी भरून जातो. चौपदरीकरणाचं काम निघाल्यापासून कुठे खडी, कुठे वळवलेला रस्ता, कुठे धूळ, असं महिन्या-महिन्याला बदलत गेलं आहे. आठवड्याभरात जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय निघू नका. चोरलच्या बाजूने बोलायचं तर इथे एकटेपणा नाही: ढाबे आहेत, पाणी मिळतं, आणि सायकल मोडली तर टपावर टाकून इंदूरला आणायला बस मिळते. नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो.

आता जाम. राऊवरून महू, म्हणजे साधारण २३ किलोमीटर. महूचा बाजार ओलांडला की मंडलेश्वरचा रस्ता धरायचा. बडगोंद्यावरून जाम गेटपर्यंत एकूण ५० किलोमीटरच्या आसपास. महूनंतर गाड्या विरळ होतात. रस्ता सपाट नाही, हळूहळू चढतो, मधेच उतरतो, पुन्हा चढतो. ही पठाराची कड खुद्द इंदूरपेक्षा उंच आहे, हे इथे पायांना कळतं. शेतं, सोयाबीन, लांबवर टेकड्या. आणि मग रस्त्याच्या टोकाशी अहिल्याबाईंच्या काळातला तो दगडी दरवाजा. महेश्वरहून माळव्यात येणारी वाट इथे वर येते. दरवाजाच्या कमानीत उभं राहिलं की समोर जमीनच नाही, थेट निमाड. पावसाळ्यात तर ढग पायाखाली असतात.

मला जाम आवडतं त्याचं कारण हेच. जे बघायला आलो ते घाटाच्या माथ्यावरच मिळतं, त्यासाठी खाली उतरावं लागत नाही. थकलात, उशीर झाला, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय, तर दरवाज्याशी चहा घ्या आणि वळा. शंभर किलोमीटर होतात, पण परतीला घाट नाही. चोरल अंतराने कमी असूनही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जामच सुचवते.

जामच्या उणिवाही आहेत. शंभर किलोमीटर म्हणजे सहा तास धरा. महू सुटलं की सायकलचं दुकान नाही, म्हणून दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत हव्यातच. जुलै-ऑगस्टच्या रविवारी दहानंतर तिथे इतक्या मोटारी येतात की सायकल टेकवायला जागा मिळत नाही, म्हणून साडेआठपर्यंत पोचायला हवं. आणि हिवाळ्यात वारा उत्तरेकडून असतो. जाताना पाठीला आणि येताना तोंडावर, महू ते राऊ या उघड्या पट्ट्यात तो जाणवतोच. पावसाळ्यात उलट: जाताना नैर्ऋत्येचा वारा अडवतो, येताना ढकलत आणतो. चोरललाही हेच लागू, फक्त तिथे घाट चढून झाल्यावर वर वारा भेटतो.

गिअरबद्दल भाचीशी माझा वाद झाला, तो इथे मांडते. तिच्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची. सर्वांत हलक्या गिअरवर पायडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९ किलोमीटर पडतो. चढावर त्यापेक्षा हळू झालात की फेरे साठाच्या खाली जातात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे ३४ ची चकती असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात किलोमीटरने चढता येतं. ती म्हणाली, सिंहगडाला २८ पुरते. पुरते, कारण तिथे पाय ताजे असतात. इथे चाळीस ते सत्तर किलोमीटर झाल्यावर चढायचंय. घाट उतरणार असाल तर मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवून घ्या. जामच्या दरवाज्यावरून परतणार असाल तर आहे ती चालेल. टायर मात्र दोन्हीकडे २८ मिलिमीटरचे हवेत, २५ चे नकोत. आणि उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी वेग मोडा आणि वळणात ब्रेक सोडा.

तिला हवा असलेला सिंहगड मात्र या दोन्हींपैकी कुठलाच नाही. तो आहे जानापाव. आग्रा-मुंबई रस्त्याने महूच्या पुढे, इंदूरपासून ४५ किलोमीटरवर, ८५४ मीटर उंचीची टेकडी. चंबळ इथे उगम पावते, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक येतात, आणि माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. इथे आधी चढून घ्यायचं आणि मग घराकडे, अगदी पुण्यासारखं. चढ थोडा पण खडा आहे. वेळेवर घरी पोचायचं असेल आणि पायांना घाटाची सवय ठेवायची असेल तर महिन्यातून दोनदा जानापाव. पण तिथे बसून दरी न्याहाळावी असं मला जामइतकं वाटत नाही.

चढच नको असेल तर हातोदच्या बाजूचा यशवंत सागर. गंभीर नदीवरचं होळकरांच्या काळातलं धरण, २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), हिवाळ्यात पक्षी. सपाट रस्ता, पन्नास-पंचावन्न किलोमीटरची फेरी. घरात नुकतीच सायकल शिकलेली मुलं असतील तर त्यांना इथे न्या.

आणि आता जे मला सगळ्यांत मनापासून सांगायचंय ते. जाम घाट खाली उतरायचाच असेल तर त्याच दिवशी परत चढू नका. मंडलेश्वरला उतरा, तिथून नर्मदेच्या कडेने महेश्वर जवळच आहे, तिथे रात्र काढा. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसा, वाड्यातली अहिल्याबाईंची साधी गादी बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच दिवा लावून निघालात तर घाट सकाळच्या गारव्यात, झोप झालेल्या पायांनी चढता येतो. इंदूरच्या घाटांचं जे उलटं गणित मी सुरुवातीला सांगितलं, ते एका मुक्कामाने सरळ होतं. चोरललाही धरणाजवळ राहायची सोय आहे, पण पहाटेचे ट्रक तिथे टळत नाहीत. जामच्या घाटात मी सकाळी सहाला चढले आहे. मधे एका वळणावर थांबले तेव्हा खालच्या गावातला कोंबडा वर ऐकू येत होता, इतकी शांतता होती.

भाचीने जाम निवडलं आहे, दरवाज्यापर्यंतच. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला राऊच्या चौकात भेटायचं ठरलं आहे. महूत पोहे मिळतीलच, पण डब्यात गूळपोळीही ठेवणार आहे, कारण परतीला वारा तोंडावर असेल.