मीन-फील्ड की एक्झॅक्ट डायगोनलायझेशन? अतिशीत फर्मिऑन मिश्रणाचा प्रोजेक्ट घेताना

सांगली-साताऱ्यात एम.एस्सी.ला हा विषय घ्यायचा तर लेसर प्रयोगशाळा लागत नाही. कॉलेजच्या लॅबमधला 8 जीबी रॅमचा पीसी पुरतो. प्रश्न पद्धतीचा आहे. एकमितीय सापळ्यात अप आणि डाऊन स्पिनचे फर्मिऑन अणू आहेत (फर्मिऑन म्हणजे सारखे दोन एकाच अवस्थेत बसत नाहीत असे कण; हाच पाउलीचा नियम), त्यांच्यातल्या आंतरक्रियेचा जोर एकदम वाढवायचा (क्वेंच) आणि अणूंचा ढग कसा हलतो ते पाहायचं. सारख्या स्पिनचे अणू पाउलीच्या नियमामुळे एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे सगळी गंमत अप-डाऊनच्या जोड्यांत.

मीन-फील्डमध्ये, म्हणजे हार्ट्री-फॉकमध्ये, अप अणूला डाऊनची फक्त सरासरी घनता जाणवते. कोड छोटा, 50+50 (50 अप, 50 डाऊन) अणूही सहज. जोर कमी असेल आणि ढगाची रुंदी एवढीच हवी असेल तर बेलाशक वापरा. पण अप आणि डाऊन गटांतली एन्टँगलमेंट एन्ट्रॉपी (दोन गट क्वांटम पातळीवर किती गुंतले आहेत त्याचं माप) इथे कायम शून्य येते. ती पद्धतीतच गृहीत धरलेली आहे. जोराच्या प्रतिकर्षणात तर ऊर्जाही चुकते. 1+1 अणूंचं नेमकं उत्तर 1998 पासून हाताशी आहे: सापळ्याच्या एककात (ħ × सापळ्याची कोनीय वारंवारता) ऊर्जा 1 वरून वाढत 2 ला टेकते. दोघांना एकच ऑर्बिटल (एका अणूची तरंग-अवस्था) दिलं तर हार्ट्री-फॉकची ऊर्जा वाढतच राहते, कारण अणू एकमेकांना चुकवतात हे सरासरीला दिसत नाही. ऑर्बिटल वेगळी सोडली तर एक डावीकडे, एक उजवीकडे असा खोटा निवाडा मिळतो. खऱ्या अवस्थेत दोन्ही मांडण्या एकत्र असतात.

एक्झॅक्ट डायगोनलायझेशन, म्हणजे ठरावीक ऑर्बिटलांत अणूंच्या सगळ्या मांडण्या धरून ऊर्जेचं मॅट्रिक्स सोडवणं, हे सगळं पकडते, पण मेमरी खाते. 3+3 अणू, 20 ऑर्बिटल: सुमारे 13 लाख अवस्था, एक व्हेक्टर (दर अवस्थेला एक कॉम्प्लेक्स आकडा) 21 एमबी. 4+4 आणि 24 ऑर्बिटल केलं की 11 कोटींवर अवस्था, एकच व्हेक्टर 1.8 जीबी. पूर्ण मॅट्रिक्स कधीच साठवू नका. स्पार्स ठेवा (फक्त शून्य नसलेले आकडे) आणि काळ क्रायलॉव्ह पद्धतीने, म्हणजे मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकारांवरच, पुढे न्या. खरी अडचण कन्व्हर्जन्सची, म्हणजे ऑर्बिटल वाढवत उत्तर स्थिर होण्याची. स्पर्शी आंतरक्रियेत (अणू एकाच जागी आले तरच लागू होणाऱ्या) ऑर्बिटल चौपट केली तरी ऊर्जेतली चूक जेमतेम निम्मी होते.

तिसरी पद्धत टी-डीएमआरजी (कमी एन्टँगलमेंटच्या अवस्था आटोपशीर साठवून काळ पुढे नेणारी) लॅटिससाठी, म्हणजे जाळीच्या बिंदूंवरच्या अणूंसाठी, उत्तम, पण क्वेंचनंतर एन्टँगलमेंट वाढत जाते आणि लांबचा काळ हाती लागत नाही.

आमचा कौल 3+3 ला. हायडेलबर्गमध्ये 2011 साली लिथियम-6 चे 1 ते 10 अणू मोजून सापळ्यात धरले गेले, त्यामुळे ही संख्या प्रयोगाला धरूनच आहे. तोच क्वेंच मीन-फील्डनेही चालवा. दोन आलेखांतला फरक म्हणजेच सहसंबंधांचं, म्हणजे सरासरीला न दिसणाऱ्या अणू-अणूंतल्या नात्यांचं, काम. आधी सापळा किंचित सरकवून पाहा: वस्तुमान-केंद्र सापळ्याच्याच वारंवारतेने झुललं पाहिजे, जोर कितीही असो. तसं नसेल तर ऑर्बिटल कमी पडताहेत किंवा टाइम-स्टेप मोठी आहे. आणि दर काही स्टेप्सनी व्हेक्टर डिस्कवर लिहा. लाइट गेली की रात्रभराचं रन जातं.