दिवाळखोरीआधीचं सक्तीचं क्रेडिट कौन्सेलिंग: रिटायर्ड आई-बाबांसाठी घेतलं, कसं वाटलं

आधीच सांगते, पाचापैकी साडेतीन स्टार. एजन्सीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही या नॉन-प्रॉफिट कौन्सेलिंगवाल्यांचं काम बरंचसं एकाच साच्यातलं असतं. तुमच्या राज्यात कोणाकोणाला मान्यता आहे त्याची यादी यू. एस. ट्रस्टी प्रोग्रामच्या (बँकरप्सीच्या केसेसवर देखरेख करणारं अमेरिकेतलं सरकारी खातं) साइटवर आहे (अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना सोडून, तिथली व्यवस्था वेगळी आहे), त्या यादीतलीच एजन्सी घ्या, सर्च केल्यावर सगळ्यात वर जाहिरात दिसली म्हणून फोन फिरवू नका.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत २००५ च्या कायद्यापासून पर्सनल बँकरप्सी (म्हणजे वैयक्तिक दिवाळखोरी) फाइल करायची तर त्याआधीच्या १८० दिवसांत हे कौन्सेलिंग, म्हणजे जमाखर्च बघून कर्जाबद्दल दिलेला सल्ला, घ्यावंच लागतं, काही मोजके अपवाद सोडले तर सर्टिफिकेटशिवाय केस पुढे जात नाही. नवरा-बायको दोघं मिळून फाइल करणार असतील तरी सर्टिफिकेट दोघांचं वेगवेगळं लागतं. फी सहसा ५० डॉलरच्या आत असते आणि उत्पन्न गरिबी रेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर माफ करावी लागते, पण ते आपण होऊन विचारायचं, संकोच करायचा नाही. आमच्या बाबांनी संकोचच केला असता, मी विचारलं.

बाबा रिटायर झाल्यावर घरात येणारा पैसा म्हणजे दोघांची सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि एक लहानसं फोर-ओ-वन-के (नोकरीत असताना साठवलेलं निवृत्तीचं खातं). त्यात आईचं आजारपण, हॉस्पिटलची बिलं, आणि मग एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डातून भरायचा असं याची टोपी त्याच्या डोक्यावर सुरू झालं आणि वीस टक्क्यांच्या वर व्याज असताना त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. मला कळलं तेही आईकडून. बाबा आयुष्यात कोणाचं एक पैशाचं देणं न ठेवलेले, त्यांना बँकरप्सी हा शब्दसुद्धा नको होता, "माणसाने हात वर करायचे म्हणजे काय" असं चालू होतं. म्हणून मी म्हटलं की बाबा, फाइल करायचं की नाही ते नंतर बघू, आधी हा तासाभराचा फोन करू, त्यात बजेट तरी कोणीतरी तिऱ्हाईत माणूस बघेल. या सर्व्हिसचा खरा उपयोग मला तरी हाच वाटला, मुलीने विचारलं की "तू कोण मला विचारणारी" असं होतं आणि फोनवरच्या अनोळखी बाईने तेच विचारलं की बाबा सरळ उत्तर देतात!

फोन स्पीकरवर ठेवून मी शेजारी बसले होते, आईला मधे मधे मराठीत सांगत होते. मुलगी शेजारी बसलेली चालेल का ते त्यांनी आई-बाबांना विचारून घेतलं, पण उत्तरं त्यांनीच द्यायची हे पण स्पष्ट सांगितलं, जे मला आवडलं. मग बजेट. कौन्सेलर एकेक खातं वाचत जाते आणि आपण आकडा सांगायचा. पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. बाबांनी सोशल सिक्युरिटीचा आकडा सांगितला तो वर्षाच्या सुरुवातीला पत्र येतं त्यातला, म्हणजे कापाकापी व्हायच्या आधीचा, आणि बँकेत येतो तो आकडा मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी चा हप्ता कापून. २०२५ मधे तो महिन्याला १८५ डॉलर होता, दोघांचे मिळून ३७०. म्हणजे बाबांच्या डोक्यातल्या हिशोबात दर महिन्याला ३७० डॉलर असे होते जे घरात येतच नव्हते. कौन्सेलरने शांतपणे विचारलं "बँकेत किती जमा होतात, स्टेटमेंट बघून सांगा" आणि बाबा चष्मा चढवून स्टेटमेंट बघत राहिले. या एका प्रश्नासाठी मी त्या बाईला एक अख्खा स्टार दिलाय.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे वर्षातून एकदोनदा येणारे खर्च. गाडीचा विमा सहा महिन्यांनी, प्रॉपर्टी टॅक्स, दातांचं काम (ओरिजिनल मेडिकेअरमधे दातांची नेहमीची कामं कव्हर होत नाहीत, चष्मा नाही, कानाचं मशीन नाही), हे सगळं बारांनी भागून महिन्याच्या खर्चात धरायला लावलं. आई रोजचा खर्च वहीत लिहिते, अगदी सुटे पैसे पण, पण ते मोठे खर्च वहीत नसायचे कारण ते कार्डावर जायचे आणि कार्डावर गेलं म्हणजे जणू खर्चच झाला नाही. भागाकार केल्यावर चित्र एकदम स्वच्छ झालं, कार्डाचा एक पैसा न भरता सुद्धा महिन्याअखेर हातात जवळजवळ काही उरत नव्हतं. कर्ज कसं फेडायचं ही चर्चाच त्यामुळे संपली, फेडायला काहीच नव्हतं.

आता तक्रारी.

एक, इतकं दिसत असूनही बाईंनी डेट मॅनेजमेंट प्लॅनचं तुणतुणं वाजवलंच. म्हणजे एजन्सी व्याज कमी करून घेते, आपण दर महिन्याला एजन्सीला एक रक्कम द्यायची आणि ती सगळ्या कार्डांना वाटते, साधारण तीन ते पाच वर्षं. नोकरी करणाऱ्या माणसाला हा प्लॅन चांगला असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण सत्तरीच्या पुढच्या जोडप्याला, ज्यांच्याकडे महिन्याला काही उरतच नाही, त्यांना पाच वर्षांचा हप्ता सुचवायचा? तुम्हाला हे पण माहीत असू द्या की अशा प्लॅनमधून एजन्स्यांना कार्ड कंपन्यांकडूनही पैसे मिळू शकतात. फसवणूक आहे असं नाही, पण सल्ला ऐकताना ते ध्यानात ठेवावं.

दोन, सरकारी मदतीबद्दल एक अक्षर नाही. मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्राम नावाची योजना आहे, उत्पन्न कमी असेल तर तो पार्ट बी चा हप्ता राज्य सरकार भरतं. औषधांच्या खर्चासाठी एक्स्ट्रा हेल्प आहे. हे आम्हाला नंतर नॅशनल कौन्सिल ऑन एजिंगच्या बेनिफिट्सचेकअप साइटवर सापडलं. रिटायर्ड लोकांचं बजेट करताय आणि हे सांगत नाही म्हणजे काय, खर्च कमी करा म्हणताना केबल बंद करा हे मात्र सांगितलं.

तीन, कायद्याचं काहीही विचारलं की "त्यासाठी वकिलाशी बोला". हा खरं तर त्यांचा दोष नाही, कायदेशीर सल्ला द्यायची त्यांना परवानगीच नाही, पण मग सर्टिफिकेट हातात आलं की आपल्याला सगळं समजलं असा गैरसमज होतो तो होऊ देऊ नका. आम्हाला सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी वकिलाकडे कळल्या (पहिली भेट फुकट होती, बरेच जण तसं करतात, आणि परवडत नसेल तर लीगल एड ला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला, विचारा). त्यातल्या काही इथे लिहिते कारण या गोष्टी फाइल करायच्या आधीच कळायला हव्यात, नंतर कळून उपयोग नाही.

सगळ्यात मोठी म्हणजे फोर-ओ-वन-के ला हात लावायचा नाही. बाबांच्या मनात तेच होतं, सगळं काढून कार्डांच्या तोंडावर मारू आणि मोकळे होऊ. पण तो पैसा बँकरप्सीत सुरक्षित असतो, कार्डवाले त्याला हात लावू शकत नाहीत, आयआरए ला (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं) पण संरक्षण आहे, त्याला मर्यादा आहे पण ती सतरा लाख डॉलरच्या आसपास, आपल्याला काय करायचंय. म्हणजे जो पैसा कोणी घेऊ शकत नव्हतं तो आपण होऊन काढायचा, वर त्यावर टॅक्स भरायचा, आणि एवढं करून कर्ज उरलंच तर शेवटी फाइल करायची वेळ येणारच. किती म्हाताऱ्या लोकांनी असं केलं असेल प्रामाणिकपणाच्या नावाखाली, विचार करवत नाही.

सोशल सिक्युरिटी पण तशीच. कार्डवाले कोर्टातून निकाल घेऊन आले तरी ती जप्त करू शकत नाहीत, डायरेक्ट डिपॉझिट असेल तर दोन महिन्यांच्या रकमेइतकी शिल्लक बँकेला आपोआप सोडावी लागते. (सरकारी देणं असेल, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स वगैरे, तर गोष्ट वेगळी.) वकिलाने सांगितलं की ती वेगळ्या खात्यात येऊ द्या, दुसरे पैसे त्यात मिसळू नका म्हणजे भानगड नको. आणि चॅप्टर सेव्हन (हप्ते न बांधता कर्ज माफ होतं तो बँकरप्सीचा प्रकार) साठी जी मीन्स टेस्ट, म्हणजे उत्पन्नाची चाचणी, असते त्यात सोशल सिक्युरिटी उत्पन्न म्हणून धरतच नाहीत, फॉर्ममधे दाखवावी लागते ती वेगळी. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटीशिवाय काहीच नाही, घर नाही, शिल्लक नाही, त्यांना काही वेळा फाइल करायची गरजच नसते, कारण घेण्यासारखं काही नसतं. आमचं घर असल्यामुळे तसं नव्हतं.

मुलांनी मधे काय करायचं नाही हे पण ऐका. आई-बाबांनी तुमच्याकडून उसने घेतले असतील आणि फाइल करण्याआधीच्या एका वर्षात तुम्हाला परत केले असतील तर ट्रस्टी (केस सांभाळायला नेमलेला माणूस) ते तुमच्याकडून परत मागू शकतो. गाडी मुलाच्या नावावर करून टाकू, घरात मुलीचं नाव घालू असलं तर अजिबात नाही, किमान मागच्या दोन वर्षांचे व्यवहार बघतात, राज्याच्या कायद्याने त्याहून मागचे पण. आणि आई-बाबांचं कार्डांचं कर्ज केवळ मुलं आहोत म्हणून सहसा आपल्यावर येत नाही, तुम्ही को-साइन केलं (जामीन म्हणून सही केली) असेल तर येतं, आणि तसं असेल तर त्यांची सुटका झाल्यावरही तुमच्या मानेवर राहतं.

आता खास आपल्या लोकांसाठी. भारतातलं सगळं दाखवायचं. सगळं म्हणजे सगळं. बँकेतली एफडी, लॉकरमधलं सोनं, सातबाऱ्यावर चुलत्यांच्या बरोबरीने असलेलं नाव. बाबा म्हणाले ती जमीन काय माझी आहे, भाऊ कसतोय, मी चाळीस वर्षांत तिकडे पाय ठेवला नाही. वकील म्हणाला तुमचा हिस्सा आहे ना, मग लिहा, मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती केसमधे येते. लपवलं आणि सापडलं तर डिस्चार्ज (कर्जातून कायदेशीर सुटका) नाकारला जाऊ शकतो, गुन्हा होऊ शकतो. शिवाय फाइल केल्यानंतरच्या १८० दिवसांत कोणी गेलं आणि वारसाहक्काने काही आलं तर ते पण मोडतं त्यात. भाऊ-भाऊ वाटण्या लांबवत बसलेले असतात त्यांनी हे डोक्यात ठेवा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आमच्या कौन्सेलिंगच्या फॉर्ममधे "इतर मालमत्ता" अशी एक ओळ होती, बास. बाबांनी तिथे "नाही" सांगितलं होतं, मनापासून.

जाता जाता डेट सेटलमेंट वाल्यांबद्दल. कौन्सेलिंगच्या आधी बाबांनी एका कंपनीशी बोलणं सुरू केलं होतं, "अर्ध्यात मिटवून देतो, आमच्या खात्यात पैसे भरत रहा आणि कार्डांचे हप्ते थांबवा" असा सगळा गोड गोड प्रकार. फोनवर मिटवून देतो म्हणणाऱ्या कंपनीला कर्ज मिटवायच्या आधी फी घेता येत नाही, २०१० पासून तसा फेडरल नियम आहे, पण या लोकांची सुरुवातच "सेटअप चार्ज" ने झाली. शिवाय अशा तडजोडीत जे माफ होतं ते एरवी उत्पन्न धरून त्यावर टॅक्स लागतो, बँकरप्सीत सुटलेल्या कर्जावर लागत नाही. कौन्सेलिंगवाल्या बाईंनी हे मात्र न विचारता सांगितलं आणि बाबांनी त्यांचं ऐकलं, माझं आठवडाभर ऐकत नव्हते.

तर ही सर्व्हिस घ्यावी का? बँकरप्सी करायची असेल तर प्रश्नच नाही, घ्यावीच लागते. पण कंपल्सरी आहे म्हणून उरकून टाकायची तर ऑनलाइन क्लिक क्लिक करून पण होते, तसं करू नका, फोनवरच घ्या, आणि बसण्याआधी बँक स्टेटमेंट, सगळ्या कार्डांची बिलं, सोशल सिक्युरिटीचं पत्र आणि वर्षाच्या मोठ्या खर्चांची यादी समोर ठेवा. आणि फार आधी पण घेऊ नका, फाइल करायला १८० दिवसांपेक्षा जास्त लागले तर पुन्हा घ्यावं लागेल.

फाइल केल्यानंतर, डिस्चार्ज मिळायच्या आधी, अजून एक कोर्स असतो, पैशाचं व्यवस्थापन शिकवणारा. तो आम्ही दुसऱ्या एजन्सीकडून ऑनलाइन केला आणि त्याला दोनच स्टार. पानावर टायमर, तो संपेपर्यंत पुढचं बटण चालत नाही, अक्षरं मुंगीएवढी, जरा उठून पाणी प्यायलं की लॉगआउट. मजकूर सगळा पंचविशीतल्या माणसासाठी, पहिली नोकरी, घर घेण्यासाठी बचत, क्रेडिट स्कोअर कसा वाढवायचा. बाबा म्हणाले चॅप्टर सेव्हन दहा वर्षं रिपोर्टवर राहणार, तोपर्यंत मी ऐंशी पार, मला कोण लोन देतंय. यादीतल्या काही एजन्स्या हा कोर्स पण फोनवर देतात, म्हाताऱ्या माणसांसाठी बघत असाल तर तो पर्याय आहे का ते आधी विचारून घ्या.