गाडी धुतल्यावर ब्रेक चिकटू नयेत म्हणून: फेरी मारावी की हँडब्रेक सोडून ठेवावा?

गाडी धुतली, हँडब्रेक ओढला आणि दोन दिवस तशीच उभी ठेवली, की निघताना चाक जागचं हलत नाही. मग जोर दिल्यावर मागून ‘टक्’ असा आवाज येतो. ब्रेकची चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क किंवा डबा म्हणजे ड्रम, हे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असतात आणि ओल्या बिडावर काही तासांतच तांबूस गंज चढतो. त्याच वेळी डिस्कला धरणारे पॅड किंवा ड्रमला आतून दाबणारे ब्रेक शू त्यावर दाबलेले असले, तर मधला गंज दोघांना धरून ठेवतो. त्यामुळे पाणी तरी घालवायचं किंवा दाब तरी काढायचा.

पाणी घालवायला फेरी मारण्यासारखा उपाय नाही. पाच-दहा मिनिटं गाडी चालवायची आणि मागे कोणी नाही हे बघून ब्रेक हलकेच, थांबून थांबून पाच-सहा वेळा दाबायचे. घासून निघालेल्या उष्णतेनं पाणी उडतं. सुरुवातीला ओले ब्रेक कमी पकडतात, म्हणून वेग बेताचाच ठेवा. मागे ड्रम असतील तर ही फेरी टाळूच नये. ड्रम बंद असतो, आत गेलेलं पाणी वाऱ्यानं लवकर वाळत नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र हलक्या दाबाला बरेचदा मोटरच वेग कमी करते आणि पॅड कोरडेच होत नाहीत. तिथे रिजन (मोटरनं वेग कमी करत बॅटरी चार्ज करणं) कमी करून ब्रेक जरा जोरात दाबावे लागतात.

हँडब्रेक सोडून ठेवणं त्याहून सोपं, पण ते सपाट जागेपुरतंच. गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकाला पुढून-मागून ठोकळे. यानं गंज थांबत नाही, पॅड-शू चिकटायचे तेवढे टळतात. सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर ऐकू येईल, ती लगेच जाते. उतारावर हा विचारही करू नका. काही गाड्यांचा इलेक्ट्रिक हँडब्रेक इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो कसा थांबवायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत बघावं लागतं.

फडक्यानं पुसलं तर डिस्कची बाहेरची बाजू कोरडी होते, आतली ओलीच राहते. तेलकट स्प्रे तर डिस्कच्या आसपासही नको, पॅडला तेल लागलं की ब्रेक नीट लागत नाही.

माझं मत असं: चारही चाकांना डिस्क आणि गाडी रोज फिरते, तर फेरी पुरे. मागे ड्रम आहेत आणि गाडी काही दिवस उभी राहणार, तर सपाट जागा बघून दोन्ही करा. रात्री धुऊन लगेच झाकून ठेवायची सवय असेल तर ती बदला. कुठे निघायच्या आधी धुतली, तर वेगळी फेरी मारावीच लागत नाही.

आणि चिकटलेच तर हँडब्रेक सोडून गाडी हळूच थोडी पुढे, थोडी मागे घ्या. तरीही सुटले नाहीत तर मेकॅनिकला बोलवा. जबरदस्तीनं ओढत नेली तर शूचं लायनिंग (त्यावरचा घासणारा थर) उखडू शकतं.