जोडी खरी की जुळवलेली : कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या ‘फॅक्टरी लेटर’ सेवेचे परीक्षण

जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांची जोडी घेऊ पाहणाऱ्याने पहिला खर्च कशावर करावा असे मला कोणी विचारले, तर मखमली अस्तराच्या पेटीवर किंवा हस्तिदंती मुठींवर नव्हे, तर कारखान्याच्या मूळ नोंदवहीतून उतरवून दिल्या जाणाऱ्या एका पानाच्या पत्रावर करावा, असे मी सांगेन. संग्राहकांच्या बोलण्यात त्याला ‘फॅक्टरी लेटर’ म्हणतात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन जुन्या अमेरिकी शस्त्र कंपन्या. कोल्टच्या शस्त्रांसाठी हे पत्र कंपनीच्या अभिलेखागाराकडून मिळते आणि स्मिथ अँड वेसनच्या शस्त्रांसाठी स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून. या दोन्ही सेवा मी प्रामुख्याने जोडीच्या पडताळणीसाठी वापरत आलो आहे आणि हे परीक्षणही त्याच एका उपयोगापुरते आहे.

जोडीला असे पत्र का लागते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. एकट्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत जुळणारे क्रमांक म्हणजे त्याच्या निरनिराळ्या भागांवरचे क्रमांक एक असणे. १८५१ च्या नेव्ही मॉडेलसारख्या कोल्टमध्ये फ्रेम, नळी, सिलिंडर, ट्रिगर गार्ड आणि मुठीची मागची पट्टी अशा अनेक भागांवर क्रमांक ठोकलेला असतो, आणि ते सगळे एकच असतील तर शस्त्र मूळ स्वरूपात आहे असे मानायला आधार मिळतो. ही तपासणी भिंग आणि चांगला उजेड घेऊन कोणीही करू शकतो. जोडीचा प्रश्न मात्र दोन शस्त्रांच्या परस्परसंबंधाचा असतो आणि तो संबंध धातूवर कोठेही लिहिलेला नसतो. नळीची लांबी सारखी, निकेलचा मुलामा सारखा, मुठी सारख्या, एवढे सारे असूनही ती दोन शस्त्रे वेगवेगळ्या दशकांत कारखान्याबाहेर पडलेली आणि कोणा कुशल कारागिराने गेल्या पन्नास वर्षांत एकमेकांसारखी केलेली असू शकतात. अशी जुळवलेली जोडी बाजारात भरपूर आहे. जुळवलेली म्हणून, त्या भावात ती विकली गेली तर त्यात काही वावगे नाही, परंतु बहुतेक वेळा ती मूळ जोडीच्या भावात विकायला ठेवलेली असते.

या बाबतीत डोळे किती फसवतात याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जनरल जॉर्ज पॅटन यांचे आहे. त्यांच्या कमरेची हस्तिदंती मुठींची दोन रिव्हॉल्व्हरे लोकांच्या मनात जोडी म्हणूनच ठसलेली आहेत. प्रत्यक्षात त्यांतले एक कोल्टचे .४५ कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ मॉडेलचे, पावणेपाच इंची नळीचे, जे कारखान्याने मार्च १९१६ मध्ये टेक्ससमधील एल पासोच्या शेल्टन पेन आर्म्स कंपनीकडे रवाना केले, आणि दुसरे स्मिथ अँड वेसनचे .३५७ मॅग्नम, साडेतीन इंची नळीचे, जे पॅटन यांनी १९३५ मध्ये घेतले. निर्माते वेगळे, यंत्रणा वेगळी, आणि दोन नोंदींमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर. म्हणून त्या शस्त्रांचे मोल कमी होत नाही, परंतु एकाच मालकाची दोन शस्त्रे आणि एकाच जन्माची जोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद नोंदवहीच दाखवू शकते.

कोल्टचे पत्र मला दोन्हींत अधिक नेमके वाटते. अनुक्रमांक आणि मॉडेल कळवून शुल्क भरले की अभिलेखागारातील जुन्या रवानगीच्या वह्या पाहून उत्तर येते. शुल्क मॉडेलप्रमाणे बदलते. पत्रात कॅलिबर, नळीची लांबी, झिलई किंवा मुलामा, मुठींचा प्रकार, कोणाकडे आणि कोणत्या तारखेला पाठवले, आणि त्या रवानगीत त्याच प्रकारची एकूण किती शस्त्रे होती, एवढी माहिती असते. वाक्ये कोरडी आणि ठरावीक साच्याची असतात, वर्णनाचा फुलोरा अजिबात नसतो, आणि मला त्यातच त्यांची विश्वासार्हता दिसते. जिथे वहीत नोंद नाही तिथे नोंद नाही असेच लिहिलेले असते, अंदाजाने जागा भरलेली नसते.

जोडी पाहणाऱ्याच्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत मौल्यवान ओळ म्हणजे रवानगीतील संख्या. समजा, लागोपाठच्या क्रमांकांची दोन सिंगल ॲक्शन आर्मी तुमच्यासमोर आहेत आणि दोन्ही पत्रांत तारीख एक, पत्ता एक आणि संख्या दोन आहे, तर ती दोन शस्त्रे बरोबर मागवली गेली आणि बरोबर निघाली याबद्दल फारशी शंका उरत नाही. तारीख व पत्ता एकच असला आणि संख्या पन्नास असली, आणि पत्ता सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरसारख्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्याचा असला, तर अर्थ एकदम पालटतो. ती दोन शस्त्रे एका खोक्यातून गेली असतील, पण पुढे एक कॅन्ससमधल्या आणि दुसरे ॲरिझोनातल्या दुकानात विकले गेले असणे सहज शक्य आहे. लागोपाठचे क्रमांक ही जोडीची आवश्यक अटही नाही आणि पुरेशी अटही नाही, कारण कारखान्यातून शस्त्रे क्रमांकांच्या क्रमाने बाहेर पडत नसत. त्यामुळे क्रमांकांत शंभराचे अंतर असूनही एकाच दिवशी एकाच गृहस्थाच्या नावे दोनच्या रवानगीत गेलेली शस्त्रे माझ्या मते अधिक खरी जोडी आहेत. बाजार मात्र अजूनही लागोपाठच्या क्रमांकांना जास्त भाव देतो. ज्याला पत्र वाचता येते त्याच्यासाठी ही संधी आहे.

कोरीवकाम असलेल्या जोड्यांच्या बाबतीत पत्र आणखी बारकाईने वाचावे लागते. कूनो हेल्फ्रिच्ट यांनी १८७१ ते १९२१ अशी पन्नास वर्षे कोल्टचे कोरीवकाम सांभाळले, आणि कारखान्यातच कोरलेल्या शस्त्राच्या नोंदीत सहसा तसा उल्लेख असतो. परंतु न्यूयॉर्कच्या हार्टली अँड ग्रॅहमसारखे व्यापारी साधी शस्त्रे मागवून ती निम्श्के यांच्यासारख्या बाहेरच्या कारागिरांकडून कोरून घेत. अशा शस्त्रांच्या नोंदीत ‘सॉफ्ट’ असा शेरा आढळतो, म्हणजे कोरणाऱ्याच्या छिन्नीला सोपे जावे म्हणून ती कठीण न करता पाठवली गेली. नवख्या माणसाला कोरीवकामाचा उल्लेख नाही म्हणजे ते अलीकडचे, असे वाटते आणि तो उत्तम जोडी हातची घालवतो. पत्रात फक्त ‘ब्ल्यू’ (पोलादावरची निळसर-काळी झिलई) असे लिहिले असेल आणि शस्त्र भरगच्च कोरलेले असेल, तर मात्र सावध होणेच योग्य.

कोल्टच्या सेवेची मोठी मर्यादा तिच्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला भीषण आग लागली, आणि टोपीच्या काळातील, म्हणजे दारू पेटवण्यासाठी बाहेरून स्फोटक टोपी बसवाव्या लागणाऱ्या पर्कशन रिव्हॉल्व्हरांच्या बहुतांश नोंदी आज उपलब्ध नाहीत. १८५१ ची नेव्ही, ड्रॅगून किंवा पॉकेट मॉडेलची पेटीबंद जोडी घेणाऱ्याला या पत्राचा आधार जवळजवळ नाहीच. तिथे क्रमांक, पेटीच्या आतील खाचांचे ठसे, अर्पणलेख आणि मालकी हस्तांतरणाची कागदपत्रे यांवरच विसंबावे लागते. त्या काळातील सर्वांत उंची जोड्यांचा मागोवा लागतो तो त्या राजघराण्यांत आणि संग्रहालयांत गेल्या म्हणून. सॅम्युअल कोल्ट यांनी क्रिमियन युद्धाच्या सुमारास भेटीदाखल दिलेल्या सोन्याच्या जडावाच्या दोन ड्रॅगूनांपैकी ओटोमन सुलतानाशी जोडले जाणारे एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि त्याचा जोडीदार, जो रशियाचे झार पहिले निकोलस यांना दिला गेला, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. एकमेकांशी लढणाऱ्या दोन सम्राटांकडे एकाच जोडीतले एकेक शस्त्र गेले, आणि ती जोडी आजही दुभंगलेलीच आहे. संग्राहक म्हणून मला ही गोष्ट मनापासून हळहळायला लावते.

स्मिथ अँड वेसनचे पत्र वेगळ्या प्रकृतीचे आहे. अर्जासोबत शस्त्राचे वर्णन आणि छायाचित्रे द्यावी लागतात, आणि उत्तरात त्या मॉडेलचा थोडक्यात इतिहास, नंतर विशिष्ट शस्त्राच्या रवानगीची तारीख, ठिकाण व स्वरूप दिलेले असते. मॉडेलचा इतिहास जाणकाराला नवा नसतो. पत्राचा तेवढा भाग वाचून सोडून द्यावा. खरे मोल शेवटच्या परिच्छेदात असते, कारण स्मिथ अँड वेसनमध्ये क्रमांक आणि रवानगीची तारीख यांचा मेळ फारच सैल आहे. तयार शस्त्रे कोठारात पडून राहत आणि मागणी येईल तशी हाताला लागतील ती पाठवली जात. त्यामुळे केवळ क्रमांकावरून वर्ष ठरवणे येथे धोक्याचे आहे. १९३५ मध्ये सुरू झालेले ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ हा याला सुखद अपवाद, कारण प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र नोंदणी क्रमांक आणि खरेदीदाराच्या नावाचे प्रमाणपत्र मिळत असे. दोन रजिस्टर्ड मॅग्नम आपापल्या मूळ प्रमाणपत्रांसह एकाच नावावर सापडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

दोन्ही सेवांविषयी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पत्र त्या क्रमांकाविषयी असते, तुमच्या हातातील धातूविषयी नसते. त्या क्रमांकाचे शस्त्र एकेकाळी कोणत्या रूपात कारखान्याबाहेर पडले एवढेच ते सांगते. क्रमांक खोडून नवा ठोकलेला असेल, साडेसात इंची नळी कापून साडेपाच इंची केलेली असेल किंवा मुलामा नव्याने चढवलेला असेल, तर ते पकडण्याचे काम घेणाऱ्याचेच. एका शस्त्रप्रदर्शनात मला अशीच एक निकेलची जोडी दाखवण्यात आली होती. विक्रेत्याकडे दोन्हींची पत्रे होती आणि ती खरी होती. त्याने ती वाचण्यापेक्षा चौकटीत लावून दाखवण्यावर भर दिला होता. वाचल्यावर दिसले की एक मूळचे निकेलचे होते आणि दुसरे ब्ल्यू करून पाठवलेले होते, आणि दोन्ही तारखांत कित्येक वर्षांचे अंतर होते. स्मिथ अँड वेसनमध्ये दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलेल्या शस्त्राच्या मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ चांदणीची खूण असू शकते आणि मुठीची लाकडे काढल्यास आतल्या फ्रेमवर तारखेचा ठसा मिळू शकतो. जोडीतील एकाच शस्त्रावर अशी खूण असेल तर दोघांच्या झिलईतल्या फरकाचे कारण तिथेच सापडते.

कारखान्यानेच संच म्हणून विकलेल्या आधुनिक जोड्यांत हा सारा खटाटोप कमी होतो. कोल्टचे ‘बोआ’ हे त्याचे उत्तम उदाहरण. १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ल्यू हॉर्टन या वितरकासाठी अशी एकूण १,२०० रिव्हॉल्व्हरे बनली, निम्मी चार इंची आणि निम्मी सहा इंची, आणि त्यांपैकी १०० जोड्या एकत्र पेटीत विकल्या गेल्या. ती पेटी रिकामीही विकत मिळू शकते आणि सुटी बोआ त्यात बसवता येतात, म्हणून इथेही पत्राची शिफारस मी करतो, मात्र शंकेचे क्षेत्र बरेच लहान असते.

कायद्याची बाजू पत्रात येत नाही, तरी जोडी घेणाऱ्याला ती ठाऊक असावी. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे प्राचीन वस्तू मानली जातात आणि त्यांना परवानाधारक विक्रेत्यामार्फत जाण्याची अट नाही. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. त्यानंतरची जोडी परवानाधारकाकडून घेतली, तर पाच कामकाजी दिवसांत एकाच व्यक्तीला दोन हँडगन विकल्याची माहिती त्याला ३३१०.४ या अर्जावर एटीएफ या शस्त्रविषयक संघीय यंत्रणेला कळवावी लागते. हे नित्याचे काम आहे, त्याने घाबरून जाऊ नये. हस्तिदंती मुठी असतील तर काही राज्यांत विक्रीवरच कडक बंधने आहेत, ती आधी तपासावीत. भारतात शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला परवान्यावर दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणून महाराष्ट्रातील वाचकांसाठी हा छंद मुख्यतः ग्रंथ आणि संग्रहालये यांपुरताच राहील, आणि तसा तो केला तरी अभ्यासाचा आनंद उणा होत नाही.

एकंदरीत कोल्टच्या पत्राला मी निःशंकपणे उत्तम म्हणेन. स्मिथ अँड वेसनचे पत्र चांगले आहे, परंतु रवानगीतील शस्त्रांची संख्या त्यात ठळकपणे दिली गेली तर जोडीच्या संग्राहकांची फार मोठी सोय होईल. दोन्हीकडे उत्तराला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. त्यामुळे विक्रेत्याशी बोलताना पत्रे आलेली नसतील, तर विसार देण्यापूर्वी दोन्ही क्रमांकांची पत्रे एकाच वेळी मागवावीत आणि दोन्हींतील तारीख, पत्ता, नळी, मुलामा व संख्या जुळली तरच जोडीचा भाव द्यावा, अशी अट लेखी घालून घ्यावी. प्रामाणिक विक्रेता ही अट मान्य करतो. जो मान्य करत नाही त्याच्याकडून ती दोन शस्त्रे घ्यायचीच असतील, तर दोन सुट्या रिव्हॉल्व्हरांच्या भावातच घ्यावीत.